‘न्यूज’चा चार दिशांशी काहीही संबंध नाही

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारही दिशांकडून येते ती न्यूज!’ हा मजकूर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला छान आहे, लक्षातही राहतो, आणि साफ चुकीचा आहे. मुलांना तो सामान्य ज्ञान म्हणून पाठ करायला लावतात, हे मला फार खटकतं.

पहिला दावा, हा शब्द आद्याक्षरं जुळवून झाला. अशी आद्याक्षरं जोडून नवा शब्द बनवायची पद्धत विसाव्या शतकात रुळली. रडार आणि लेझर ही तिची खरी उदाहरणं. ‘न्यूज’ त्याच्या कितीतरी आधीचा. ‘नव्या गोष्टी’ या अर्थाने तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसतो आणि पंधराव्या शतकात ‘ताजी खबर’ हा अर्थ त्याला चिकटतो.

दुसरा, त्यातली चार अक्षरं म्हणजे चार दिशा. पण अक्षरं मुळात चारच कुठे होती? लंडनमध्ये 1621 साली निघालेल्या एका बातमीपत्राच्या शीर्षकातच ‘वीकली न्यूज’ हे शब्द आहेत. इटली, जर्मनी, हंगेरी, स्पेन आणि फ्रान्सकडची खबर त्यात असल्याचंही तिथेच म्हटलंय. त्या ‘न्यूज’चं स्पेलिंग एन, ई, डब्ल्यू, ई, एस असं आहे. म्हणजे ‘ई’ दोनदा. मग पूर्व दिशा दोन मानायच्या का? त्या काळी स्पेलिंग पक्कं झालेलं नव्हतं. जुन्या लिखाणात त्या दुसऱ्या ‘ई’च्या जागी ‘आय’ किंवा ‘वाय’ही सापडतो, आणि या अक्षरांनी सुरू होणारी एकही दिशा नाही.

क्रमही जुळत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस सहसा नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असं म्हणतो. होकायंत्रावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गेलं तर पूर्वेनंतर दक्षिण येते. शब्द आधीपासून होता, दिशा त्यात नंतर बसवल्या, एवढाच याचा अर्थ.

काही जण याच अक्षरांतून ‘नोटेबल इव्हेंट्स, वेदर, स्पोर्ट्स’, म्हणजे ‘महत्त्वाच्या घटना, हवामान आणि खेळ’, असाही अर्थ काढतात. आद्याक्षरांची आणि स्पेलिंगची वरची उत्तरं त्यालाही लागू पडतात.

मग शब्द आला कुठून? ‘न्यू’ म्हणजे नवा, त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागला: नव्या गोष्टी. ‘गुड’पासून ‘गुड्स’ झाला, अगदी तसाच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नवा’ या विशेषणाचंच अनेकवचन बातम्यांसाठी वापरत. इंग्रजीने तोच साचा उचलला असं कोशकार मानतात. आजची फ्रेंचही बातम्यांना ‘नुव्हेल’ म्हणते. त्यात दिशा शोधून दाखवाव्यात!

हा शब्द मुळात अनेकवचनी होता, याची खूण शेक्सपिअरमध्येही मिळते. ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात एक पात्र ‘दीज न्यूज’, म्हणजे ‘या बातम्या’, असं म्हणतं. आज इंग्रजीत तो एकवचनी चालतो, ‘एस’ मात्र तसाच राहिला.

आणि ‘न्यू’चं नातं आपल्यापर्यंत पोचतं. लॅटिन ‘नोवुस’, संस्कृत ‘नव’ आणि इंग्रजी ‘न्यू’ हे एकाच मूळ धातूचे वंशज. आपला ‘नवा’ त्याच ‘नव’पासून आलेला, म्हणजे ‘न्यूज’चा सख्खा नातेवाईक.