ब्रेक मारू नका, सीलंट वाळतंय

गाडीचा सगळ्यात घाण भाग कोणता, असं विचारलं तर कुणी पायाखालचं मॅट म्हणेल, कुणी डिकी म्हणेल, आणि ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत ते न बोलता मागच्या सीटकडे बोट दाखवतील. बरोबर उत्तर आहे पुढची दोन चाकं. आणि संताप आणणारी गोष्ट अशी, की ती काळी पूड बाहेरून येतच नाही. रस्ता, पाऊस, पुढच्या ट्रकचा धूर यांना उगाच बोल लावू नये. गाडी स्वतःच स्वतःच्या चाकांना काळं फासत असते, आणि तेही आपण ब्रेक दाबला की. गुन्हेगार घरातला, आणि त्याला चिथावणी देणारा पाय आपला.

हे ज्ञान मला भाच्याने दिलं. भाचा गाडी धुण्याच्या शास्त्रात इतका पुढे गेला आहे, की गाडी चालवायला त्याला वेळ मिळत नाही. त्याचं म्हणणं असं : ब्रेकचा पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे धातूच्या तबकडीला, घासतो म्हणून तर गाडी थांबते. घासताना दोघांचीही झीज होते आणि त्या झिजेची पूड उडून थेट चाकावर बसते. डिस्क असते बिडाची, म्हणजे पुडीत लोखंड आलंच. ते तापलेले कण चाकावरच्या लॅकरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, चिकटतात, ओल लागली की गंजतात, आणि एकदा गंजून रुतले की साध्या पाण्याला दाद देत नाहीत. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. म्हणून पुढची चाकं काळी, मागची त्या मानाने सभ्य. त्यातून मागे ड्रम ब्रेक असतील तर पूड बरीचशी ड्रमच्या आतच राहते. ड्रम ब्रेकला लोक जुनाट म्हणून नाकं मुरडतात, पण आपली घाण आपल्याच पोटात ठेवण्याचा त्याचा खानदानीपणा कुणी लक्षात घेत नाही.

"मामा, चाकांना सीलंट लावा, वरून एक पातळ संरक्षक थर," भाचा म्हणाला. "मग नुसतं पाणी मारायचं. पूड आपोआप जाते."

या "नुसतं" आणि "आपोआप"च्या भरवशावर माणसाने आयुष्यात काय काय विकत घेतलं आहे, याची यादी न केलेली बरी.

मी वॅक्सपासून सुरुवात करणार होतो. कारण वॅक्सचा डबा घरात होता आणि सीलंटचा नव्हता. माझ्या मते निवड करण्याची ही अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धत आहे. भाच्याला ती मान्य झाली नाही. गाडीच्या चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा नावाचं मेण असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताड उगवतो, त्याच्या पानांवर हे मेण धरतं. चॉकलेटच्या गोळ्यांना चकाकी आणायलाही तेच वापरतात, ई 903 या नावाने. इथवर ऐकून मला डब्याबद्दल आदर वाटू लागला होता. पण हे मेण साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं. लांबलचक उतारावर ब्रेक दाबत खाली आलात तर डिस्क शंभरी कधीच ओलांडून गेलेली असते, आणि तिची धग चाकाला लागतेच. बॉनेटवर निवांत राहणारं मेण चाकावर फार दिवस मुक्काम करत नाही. सीलंट हे माणसाने बनवलेलं पॉलिमर. ते उष्णता जास्त सोसतं आणि काही महिने टिकतं. ताडाचा पराभव झाला. सीलंट आलं.

बाटलीच्या मागे वापरायची कृती छापलेली होती. "चाक स्वच्छ व कोरडे करून पातळ थर लावावा." संपलं. "स्वच्छ करून" या दोन शब्दांत किती माणसांचे रविवार गाडले गेले आहेत, याची तो मजकूर लिहिणाऱ्याला कल्पना असावी असं वाटत नाही.

पहिली अट, चाक गार हवं. म्हणजे बाहेरून आलो, हात मोकळे आहेत, उत्साह आहे, पण थांबायचं. गरम चाकावर क्लीनर मारला की तो जागच्या जागी वाळतो आणि डाग सोडतो. चाक गार होईपर्यंत उत्साहही गार होतो, ही सोय निसर्गाने बहुधा मुद्दाम ठेवली असावी. दुसरी अट, ऊन नको. तिसरी, एका वेळी एकच चाक. चौथी, चाकांची बादली वेगळी आणि फडकी वेगळी, कारण चाकाच्या फडक्यात अडकलेले लोखंडी कण बॉनेटवर फिरले तर बॉनेटवर ओरखडेच ओरखडे. आमच्या घरात आता बादल्यांच्या बाबतीत कडक सोवळं आहे आणि ते पाळणारा मी एकटाच आहे.

मग येतं ते लोखंड काढायचं औषध. हे बाटलीतून निघताना पाण्यासारखं दिसतं, आणि चाकावर पडून क्षण गेला की जांभळं होऊन ओघळू लागतं. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी भिडतं तेव्हा हा रंग येतो. म्हणजे जितकं जांभळं तितकी तुमच्या चाकाची लाज चव्हाट्यावर. माझी पुढची चाकं अशी काही ओघळली, की शेजारचे काका धावत आले.

"काय हो, कुणाला लागलं काय?"

"नाही काका, चाक धुतोय."

"मग हा वास कसला?"

वासाबद्दल बोलायलाच हवं. या रसायनात गंधक आहे, आणि ते आपलं अस्तित्व लपवत नाही. सडक्या अंड्यांचा वास. केस कायमचे कुरळे करायच्या लोशनमध्येही याच कुळातलं रसायन असतं म्हणे. सुंदर दिसण्याच्या पायात मनुष्यजात काय काय हुंगायला तयार होते! घरातल्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद झाल्याचे आवाज आले. शेवटची जरा जोरात आपटली.

काकांनी नाकाला रुमाल लावून सल्ला दिला, की एवढा खटाटोप कशाला, संडास धुवायचं अ‍ॅसिड मारा, दोन मिनिटांत चकाचक. बाहेर हा सल्ला फार लोकप्रिय आहे, म्हणून सांगतो, तसं करू नका. लॅकर कुठे टवका उडून उघडं पडलं असेल, तर ते अ‍ॅसिड सरळ चाकाच्या अ‍ॅल्युमिनियमवर तुटून पडतं. चाक चकाचक होईल, पण थोडं कमी उरेल.

चाकाचा दर्शनी भाग घासणं हे काम नव्हेच, ते छायाचित्रापुरतं आहे. खरी कसोटी आतल्या नळीसारख्या भागाची. तिथे हात जातो, ब्रश जातो, पण दोन्ही एकदम जात नाहीत. ज्या कोनातून ब्रश शिरतो त्या कोनात माणसाचा खांदा बसवलेला नाही. शिवाय प्रत्येक नटासाठी एकेक खोल भोक, आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी गाडी शोरूममधून निघाल्यापासूनचा गाळ. त्यासाठी वेगळा बारीक ब्रश मिळतो. भाच्याने तो मला वाढदिवसाला दिला. वयाच्या एका टप्प्यानंतर भेटवस्तू अशाच येतात. अगदी चोख काम हवं तर चाक उतरवूनच करावं, जॅक लावून, आणि परत बसवताना नट समोरासमोरचे आवळत जावेत, असंही तो म्हणाला. त्यावर मी काही बोललो नाही. कंबर बोलली.

धुऊन, पुसून, वर अल्कोहोलचा हात फिरवून चाक एकदाचं कोरडं ठणठणीत झालं, की सीलंट. इथे फार कडक नियम आहे : फवारा चाकावर मारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा आणि मग चाकाला लावायचा. कारण चाकाच्या काड्यांमागे डिस्क आहे. तिच्यावर हा बुळबुळीत थर गेला तर डिस्कचंही उत्तम रक्षण होईल, पॅडपासून. मग गाडी कशी थांबवायची, हा प्रश्न तेवढा उरेल. टायर चकचकीत करायचं औषध लोक रस्त्याला टेकणाऱ्या भागालाही फासतात, तेही याच जातीचं शौर्य.

थर पातळ लावायचा. माणसाचा स्वभाव असा, की महाग वस्तू पातळ लावायला हात धजत नाही आणि स्वस्त वस्तू जाड लावायला मन होत नाही. जाड लावलेलं सीलंट काही जास्त रक्षण करत नाही, फक्त पुसताना जास्त छळतं. थोड्या वेळात त्यावर धुरकट साय येते, ती मऊ मायक्रोफायबरने पुसून काढायची. आणि मग ते पक्कं होईपर्यंत काही तास त्याला पाणी लागू द्यायचं नाही. त्या काही तासांत मी आकाशाकडे जितक्या संशयाने पाहिलं, तितकं कुठल्याही हवामान खात्याने पाहिलं नसेल.

हे सगळं कशाचं रक्षण चाललं आहे, हा विचार असा रिकामा बसल्यावरच सुचतो. अ‍ॅल्युमिनियम हा मुळात स्वावलंबी धातू. हवा लागली की स्वतःच ऑक्साइडचं पातळ आवरण ओढून घेतो आणि स्वस्थ बसतो. कारखान्याचा त्यावर विश्वास नाही, म्हणून तो वर प्रायमर देतो, रंग देतो, आणि त्यांच्या रक्षणासाठी लॅकर. माझा लॅकरवर विश्वास नाही, म्हणून वर सीलंट. सीलंट कडक क्लीनरने उतरतं, म्हणून त्याच्या रक्षणासाठी सौम्य शाम्पू. सौम्य शाम्पूला जुनी पूड निघत नाही, म्हणून पूड जुनी होऊच द्यायची नाही, म्हणजे चाकं वरचेवर धुवायची. या रखवालदारांच्या रांगेत सगळ्यात शेवटी हातात बादली घेऊन जो उभा आहे, तो मी. 1924 साली बुगाटीच्या टाइप 35 या शर्यतीच्या गाडीने ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं मिरवली. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. त्या मंडळींना शर्यत जिंकायची होती. मला फक्त सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं झगमगत होती. आणि त्या झगमगाटाआडून चारही डिस्क नारिंगी दिसत होत्या. बीड आहे, धुताना भिजलं, रात्रीत त्यावर गंजाची झाक आली. यात काळजीचं काही नसतं, पहिल्या दोनचार ब्रेकमध्ये पॅड ती पुसून टाकतात. बायकोने मात्र जवळ येऊन निरखून पाहिलं.

"काल दिवसभर घासून हा गंज आणलात का?"

मी तिला समजावलं, की तो ब्रेक मारला की निघून जाईल. तिने विचारलं, निघून कुठे जाईल? या प्रश्नावर मी गप्प झालो. कारण तो निघून चाकावरच जाणार होता.

तेव्हापासून मी ब्रेक जपून वापरतो. लांबवर लाल दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडून देतो आणि गाडी आपल्या मनाने हळू होऊ देतो. उतारावर खालचा गिअर. वाहतूक सुरक्षेच्या दृष्टीने माझं वागणं आदर्श झालं आहे, पेट्रोलही वाचत असणार, पण यामागचा हेतू इतका उथळ आहे की कुणी कौतुक केलं तर ते मुकाट्याने घ्यावं लागतं. मागच्या गाड्यांमधून कौतुक होत नाही. हॉर्न होतो. फुटपाथच्या कडेला गाडी लावताना मी मध्ये इतकी जागा सोडतो, की बायको उतरल्यावर विचारते, "आता फुटपाथपर्यंत रिक्षा करू का?" मी काय करणार? सीलंटचा थर डोळ्यांनाही दिसत नाही इतका पातळ, तो दगडी कडेपुढे काय टिकणार. आणि माझी चाकं डायमंड कट. म्हणजे दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेला आणि वर नुसतं लॅकर. त्या लॅकरला एकदा फट पडली की ओल आत शिरते आणि खालून पांढऱ्या रेघा अळीसारख्या सरकत सुटतात. त्यावर वॅक्स चालत नाही, सीलंट चालत नाही, भाचाही चालत नाही. चाक पुन्हा लेथवर.

आता खरं सांगायचं तर सीलंटचा उपयोग होतो. पूड पूर्वीइतकीच बसते, त्यात काडीचा फरक पडत नाही. घाण कमी होत नाही, घाणीचा हट्ट कमी होतो. शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती निमूट निघते. जांभळं औषध क्वचित लागतं, खिडक्या उघड्या राहतात. चाकावर पडलेलं पाणी थेंबाथेंबाने टपटप निसटून जातं, आणि ते बघायला मी पुन्हा पुन्हा पाणी मारतो. पाणीही जड असेल तर त्याचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून मग पुन्हा पुसतो. पण ते चालायचंच.

भाच्याला फोन करून हे सगळं कळवलं. त्याला समाधान वाटलं नाही. पॅड सिरॅमिकचे टाका म्हणाला, पूड कमी पडते आणि रंगाने फिकी असल्याने डोळ्यात भरत नाही. नाहीतर सरळ इलेक्ट्रिक गाडी घ्या, ती वेग कमी करताना मोटरच जनरेटर म्हणून चालवते, ब्रेक फारसे घासतच नाहीत. चाक स्वच्छ राहावं म्हणून गाडी बदलण्याचा हा मार्ग मला तत्त्वतः पटला, बायकोला सांगण्याइतका नाही.

"निदान सिरॅमिक कोटिंग तरी करून घ्या मामा. सीलंटपेक्षा खूप जास्त टिकतं."

"आणि त्याच्यावर काही लावावं लागत नाही ना?"

"नाही हो. फक्त अधूनमधून एक टॉपर मारायचा. कोटिंगच्या रक्षणासाठी."

"आणि त्या टॉपरवर?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग भाचा अत्यंत प्रेमाने म्हणाला, "मामा, आता तुम्ही योग्य प्रश्न विचारायला लागलात. लिंक पाठवतो."