पोवळा म्हणे मण्यारीचं पिल्लू!

पावसाळा लागला की एक संदेश फिरू लागतो. सोबत पेन्सिलीहून बारीक, तपकिरी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या सापाचा फोटो. मजकूर असा: 'हा पोवळा. मण्यारीचं पिल्लू, विष नाही. तोंड एवढंसं, चावूच शकत नाही. शेपटीत मात्र नांगी असते. खरे कोरल स्नेक, म्हणजे खरे पोवळे, अमेरिकेत. लाल आणि पिवळा पट्टा एकमेकाला लागून असेल तरच विषारी.'

मण्यारीचं पिल्लू? पूर्ण वाढलेला पोवळाच जेमतेम फूट-सव्वा फुटाचा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी 1802 मध्ये त्याचं वर्णन केलं ते कोल्युबर या प्रजातीत. त्या काळी वाटेल तो साप त्याच पोत्यात जाई. आज तो कॅलिओफिस मेलॅन्युरस, कुल इलॅपिडी. नाग आणि मण्यारही याच कुलातले. म्हणजे मण्यारीशी नातं आहे, पण भाऊबंदांचं. आणि या कुलाची ओळखच वरच्या जबड्यात पुढे असलेले, न दुमडणारे विषदंत. मण्यारीचं नातं लावायचं आणि त्याच दमात 'विष नाही' म्हणायचं, हे कसं जमतं?

तोंड लहान आहे, हे कबूल. माणसाला दंश क्वचितच होतो. पण ते तोंड वाळा या बारीक सापासारखे साप धरायला पुरेसं आहे, आणि लहान तोंड म्हणजे विष नाही असं होत नाही. आग्नेय आशियातल्या, पोवळ्याच्याच प्रजातीतल्या कॅलिओफिस बायव्हर्गेटसच्या विषग्रंथी डोक्यात न मावता अंगात मागे लांबवर पसरलेल्या असतात. त्याच्या दंशाने माणसं दगावली आहेत. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. पोवळा त्यात नाही. तेव्हा हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांनी जरा थांबावं.

नांगी वगैरे काही नाही. डिवचलं की तो डोकं लपवून शेपटी उलटी वळवतो, खालचा निळसर रंग दाखवतो. लोक तिकडे बघत राहतात, हाच तर डाव.

पट्ट्यांचा नियम उत्तर अमेरिकेतल्या मायक्रुरस या कोरल सापांसाठी केलेला. तिथेही दक्षिणेकडे गेलं की तो कोलमडतो. पोवळ्याच्या पाठीवर लाल-पिवळे पट्टे नसतातच. प्रवाळासारखा लाल रंग पोटाला. आणि 'खरे' कोरल स्नेक अमेरिकेतच, असं म्हणणाऱ्यांनी सह्याद्रीकडे बघावं. एरिक स्मिथ, हेमंत ओगले, व्ही. दीपक आणि वरद गिरी यांनी 2012 मध्ये इथूनच कॅलिओफिस कॅस्टो ही नवी जात नोंदवली. नाव दिलं टॉड कॅस्टो यांचं. आशियाई आणि अमेरिकी कोरल सापांचं नातं डीएनएवरून तपासणाऱ्यांपैकी ते एक.

राहिला फोटो. पोवळ्याची शेपटी आखूड, तिच्यावर दोन काळी कडी. फोटोतली लांब, निमुळती, कड्यांचा पत्ता नाही. तो काळतोंड्या नावाचा साप आहे, आणि तो मात्र खरंच बिनविषारी.