‘गाडीत इंजिनच नाही, मग मेकॅनिकल कशाला?’

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांची पसंती) भरायचे दिवस आले की दरवर्षी एक मेसेज उगवतो. यंदाचा मला दादाने पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकून. भाचीने पहिल्या नंबरला मेकॅनिकल लिहिलं होतं आणि हा मेसेज वाचून घरात ते खोडायची चर्चा सुरू झाली. मेसेज थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाड्या आल्या, इंजिन संपलं, म्हणजे मेकॅनिकल संपलं. सोलापुरात त्याला नोकरी नाही. मुलींचं तर ते कामच नाही. डिझाइन आता एआय करणार. कॉम्प्युटर शाखा घ्या आणि निवांत राहा. शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. पोहोचला. आता उत्तरही वाचा.

आधी इंजिन. लिहिणाऱ्या महाशयांना वाटतं की पोरं चार वर्षं इंजिनच खोलतात. आयसी इंजिन, म्हणजे पेट्रोल-डिझेलचं इंजिन, हा एक विषय असतो. बाकीचा वेळ स्ट्रेंथ (भार सोसण्याचं गणित), थर्मो (उष्णता आणि ऊर्जा), फ्लुइड (द्रव-वायूंचा प्रवाह), टॉम (यंत्रांच्या हालचालींचं शास्त्र), हीट ट्रान्सफर (उष्णता कशी वाहते), मशीन डिझाइन यांत जातो, आणि त्यांना गाडी पेट्रोलवर पळते की विजेवर याच्याशी काही देणंघेणं नाही. इंजिन गेलं म्हणून मेकॅनिकल गेलं म्हणणं म्हणजे हातमाग गेले म्हणून सोलापुरात चादर विणणं थांबलं म्हणण्यासारखं आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ याच ग्रुपवर फिरत होते, आठवतंय? त्यानंतर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. नवे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. ते निदान चाळा. बॅटरी पॅकमध्ये छोटे छोटे सेल असतात; त्यातल्या एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला तर आग शेजारच्या सेलपर्यंत कशी पोहोचते, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. मग दोन सेलमध्ये अंतर किती ठेवायचं, उष्णता कुठून काढायची, पॅकमध्ये साठलेला दाब कसा सोडायचा? हा सरळसरळ हीट ट्रान्सफरचा पेपर झाला. लिथियमच्या सेलला साधारण १५ ते ३५ अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. त्यात करंट दुप्पट केला की सेलच्या रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. तापमान किती आहे हे सॉफ्टवेअर सांगेल, पण ती उष्णता वाहून न्यायला प्लेट, पंप आणि नळ्याच लागतात. इंजिनाचा आवाज गेल्यामुळे आता गिअरची शिट्टीसुद्धा ऐकू येते, म्हणून गिअरचे दात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, जपावे लागतात. तेही काम मेकॅनिकलवाल्यांचंच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. पिस्टन, कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा), सायलेन्सर यांची मागणी घटणार, आणि ते सोलापूरला जास्त झोंबणार. १९९२ पासून इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे आणि इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नसतोच. पण त्या कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रकवाल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. ज्यांचं पोट इंजिनावर, ते वेळेत दुसरीकडे बघायला लागले होते.

आता ‘मुलींचं काम नाही’. हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण मी स्वतः मेकॅनिकल करून सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला (माल तपासणीला) काम करते आणि दादाला हे माहीत आहे. म्हणे ताकद लागते. फर्स्ट इयरच्या फिटिंगच्या तासाला एमएसचा (माइल्ड स्टीलचा) तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असतो. आमच्या बॅचची धिप्पाड पोरं जोर लावून घासायची, कानस डोलायची आणि कड गोल व्हायची. सर गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की परत पाठवायचे. तिथे जोर कामाला येत नाही, हात सपाट चालावा लागतो.

कंपन्या मुलींना घ्यायला कां-कूं करतात, हे अर्धं खरं आहे. मला एका मुलाखतीत ड्रॉइंगपेक्षा लग्नाबद्दल जास्त विचारलं होतं. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ६६ ने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम करायला मनाई होती. पुढे ती अटींसह सैल झाली, पण नकार द्यायला ते आयतं निमित्त होतं. म्हणून मुलींनी माघार घ्यायची? उलट ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. हे मात्र मेसेजमध्ये नाही.

सोलापुरात नोकरी नाही? एनटीपीसीच्या वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे दोन संच, जिल्हाभरचे साखर कारखाने, त्यांचे बॉयलर आणि टर्बाइन, अक्कलकोट रोडचे टॉवेलचे माग, होटगी रोडची फाउंड्री. हे सगळं चालू कोण ठेवतं? पगार सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असतो आणि बरेच जण पुण्याला जातात, हे खरं. पण कॉम्प्युटरवाले तरी सोलापुरात कुठे थांबतात? शिवाय एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२४ पासून काढली, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांची नोकरीची रांग आणखी लांबणार आहे.

एआयबद्दल एवढंच: तो ड्रॉइंग काढून देईल, पण त्यावरून बनलेला पार्ट बसला नाही तर शॉपवर उभं राहून कारण शोधायला माणूसच लागतो.

मेसेजवाल्याला जो खरा धोका सुचलाच नाही तो कॉलेजचा आहे. दादा, शाखा बदलू नकोस, पण भाचीला घेऊन कॉलेजं बघून ये. हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये जा आणि एखादा सेटअप चालू करून दाखवा म्हण. मग वर्कशॉप बघ. लेथवर धूळ असेल आणि चावी कुणाकडे आहे तेच कुणाला माहीत नसेल, तर ते कॉलेज यादीत खाली टाक.