डिफी-हेलमन की एल्गमल? एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रार थोडक्यात अशी: ईमेल कुलूपबंद करणाऱ्या पीजीपी या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत किल्लीचा प्रकार ढळढळीत 'डिफी-हेलमन/डीएसएस' लिहिलेला असताना मी त्या किल्लीला एल्गमल या दुसऱ्या पद्धतीचं नाव दिलं, आणि डीएसएस-डीएसए यांचा घोळ घातला तो वेगळाच. (मराठीत 'की' लिहिलं की वाक्य अडखळतं, म्हणून मी किल्लीच म्हणतो.)

दुसरा आरोप मान्य. डीएसएस हे १९९४ चं अमेरिकी सरकारी मानक, डीएसए ही त्यातली डिजिटल सही करायची पद्धत. मी दोन्ही एकच समजून लिहीत गेलो. त्या मानकात पुढे आरएसए या दुसऱ्या पद्धतीच्या सह्याही आल्या, आणि २०२३ च्या आवृत्तीत डीएसए फक्त जुन्या सह्या तपासण्यापुरतं उरलं. म्हणजे मानक आहे, पण ज्याच्यामुळे दोन्ही नावांत गल्लत व्हायची तेच बाजूला पडलं.

पहिला आरोप मात्र मान्य नाही. १९७६ ची डिफी-हेलमन पद्धत मजकूर कुलूपबंद करतच नाही. दोघं एकेक आकडा उघडपणे देतात, त्यावरून दोघांनाच कळेल असं गुपित तयार होतं, बस्स. ईमेल पाठवताना समोरचा हजर कुठे असतो? एल्गमल यांच्या १९८५ च्या पद्धतीत त्याचा आकडा आधीच जाहीर असतो. पाठवणारा त्या निरोपापुरता आपला नवा आकडा काढतो, तयार झालेल्या गुपिताने मजकूर गुणतो आणि दोन्ही सोबत धाडतो. बीज डिफी-हेलमनचंच, त्यामुळे पीजीपीचं नाव अगदीच खोटं नव्हतं. पण तीच किल्ली ग्नूपीजीत, म्हणजे पीजीपीच्याच धर्तीच्या मुक्त प्रोग्राममध्ये उघडा, तिथे ती एल्गमल असते. हे प्रोग्राम पाळतात त्या ओपनपीजीपी मानकात प्रत्येक पद्धतीला क्रमांक असतो; एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायच्या, एल्गमलला क्रमांक १६ आहे आणि डिफी-हेलमनसाठी २१ निराळा राखून ठेवलाय. ग्नूपीजीला तुमच्या किल्लीतली पॅकेट्स (तिचे आतले भाग) उलगडून दाखवायला सांगा. १६ दिसेल.

खरी गंमत पुढेच आहे. ग्नूपीजीच्या आजच्या इलिप्टिक कर्व्हच्या (वक्ररेषांच्या गणितावर बेतलेल्या) किल्ल्यांत एन्क्रिप्शनसाठी खरोखरच डिफी-हेलमन वापरतात, क्रमांक १८. आणि आता ग्नूपीजीच्या किल्ल्यांच्या यादीत ते नाव दिसत नाही! दिसतं 'सीव्ही२५५१९', शेजारी सहीसाठी 'ईडी२५५१९'. या दोन जुळ्या नावांवरून तुम्ही माझी कानउघाडणी केली असती, तर मी निमूट ऐकून घेतली असती. मूळ लेखात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. डीएसएसचं वाक्य आज दुरुस्त केलंय, हा परिच्छेद उद्या तिथे जोडतो.