शिक्का स्वतःच मारून घ्या

पायथनच्या पॅकेजमध्ये थोडं सी प्लस प्लस घातलंय आणि आता ते गिऱ्हाइकांच्या लिनक्स सर्व्हरवर पाठवायचंय? उत्तम. अशाच एका पॅकेजचा प्रसाद मी नुकताच खाल्लाय, तेव्हा चार गोष्टी अनुभवाच्या.

बिल्ड आपल्याच लॅपटॉपवर करा. त्यावर उबुंटू २४.०४ असू द्या, म्हणजे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९ मिळते. गिऱ्हाइकाकडे अल्मालिनक्स ८ आणि जीलिबसी २.२८ असेल, तर ते त्याचे भोग. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही, हे २०१६ मध्येच पेप ५१३ (पायथनचा एक प्रस्ताव) वाल्यांनी ओळखलं होतं. त्यांनी तर सेंटओएस ५ या जुनाट लिनक्सवर बांधायला सांगितलं. आपण काय पुराणवस्तुसंग्रहालय उघडलंय?

कंपायलरला 'मार्च नेटिव्ह' जरूर द्या, म्हणजे तो फक्त तुमच्याच प्रोसेसरच्या मापाचा कोड शिवेल. तुमच्या प्रोसेसरवर घोडा पळेल. दुसऱ्याच्या जुन्या प्रोसेसरवर 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आडवा पडेल.

अल्पाइन लिनक्सवाले, ज्यांच्याकडे जीलिबसीच नसते? ते कोण?

आता खरी कला. बिल्ड झालेल्या व्हीलच्या, म्हणजे इन्स्टॉल करायच्या तयार फाइलीच्या, नावात नुसतं 'लिनक्स' येतं, आणि पायपीआय हे पायथन पॅकेजांचं सार्वजनिक कोठार ते दारातूनच परत पाठवतं. ऑडिटव्हील नावाची एक खवट आत्या आहे. ती सगळं सामान उघडते, कुठलं सिंबल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) नवं आहे, कुठली लायब्ररी बाहेरची आहे ते बघते, आणि चालण्यासारखं असेल तर बाहेरच्या लायब्रऱ्या व्हीलमध्येच भरून देते. कशाला तिच्या नादी लागायचं? फाइलचं नाव हातानं बदला, 'मेनीलिनक्स२०१४' लिहा. म्हणजे जीलिबसी २.१७ वरही चालेल अशी तुमची हमी! पॅकेज इन्स्टॉल करणारं पिप बिचारं नावावर विश्वास ठेवून इन्स्टॉल करतं. बोंब इम्पोर्ट करताना होते: 'जीलिबसी २.३४ सापडत नाही'. आमच्या इंदूरच्या सराफ्यात कुणी पितळेवर हॉलमार्क ठोकला तर त्याला राजवाड्यापर्यंत पळवतील. तुम्ही मात्र फोनवर गोड आवाजात म्हणता, "भिया, आमच्याकडे तर चालतंय!"

तुमच्याकडे चालणारच! तुमच्याच लॅपटॉपवर बांधलंय ना ते! रंगपंचमीला सकाळी सर्व्हर बंद पडला. खाली टँकरमधून रंग उडत होता, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली होती, पोरं "काका, चला" म्हणून तीनदा वर येऊन गेली, आणि मी कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणाऱ्या एलडीडीचं आउटपुट वाचत बसलो होतो. सोर्स मागितला तर म्हणे, तो देत नाही.

पुरे झाली थट्टा. मेनीलिनक्सची डॉकर इमेज, म्हणजे जुन्या लिनक्सचा तयार साचा, फुकट मिळते. त्यात आपोआप व्हील बांधून देणारं सीआयबिल्डव्हील फुकट मिळतं. आत बिल्ड करायचं, ऑडिटव्हील रिपेअर चालवायचं, आणि निघालेलं व्हील एका जुन्या कंटेनरमध्ये एकदा इम्पोर्ट करून बघायचं. एवढंसुद्धा होत नसेल, तर निदान खोटं नाव तरी लावू नका. लाज वाटली पाहिजे. घरात सगळे रंगलेले होते आणि मी कोरडा ठणठणीत, तुमच्या त्या एका फाइलीपायी.