‘मिस्त्रीकडे जाऊच नका’ सांगणाऱ्या मेसेजला काऊंटरवरून उत्तर

‘गॅरेजवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सोसायट्यांच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. सांगणं एवढंच, की मिस्त्री लुबाडतो, तेव्हा बिघाड स्वतः ओळखा, दुकानातून पार्ट आणा आणि घरीच बसवा. मी पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काऊंटर सांभाळतो. मेसेज वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला पार्ट विकला तर धंदा आमचाच होतो. तरी लिहितोय, कारण यातले काही सल्ले खिशाला चाट लावतात आणि एखादा तर जिवावर बेतणारा आहे.

‘चेक इंजिनचा दिवा लागला की ब्लूटूथ स्कॅनर लावा, कोड बघा आणि तो सेन्सर बदला.’ सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. कोड खराब पार्टचं नाव सांगत नसतो, कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, काय खटकलं तेवढंच सांगतो. पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त होतेय, पेट्रोल कमी पडतंय. ही खबर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन (ओ-टू) सेन्सरकडून येते, म्हणून लोक त्यालाच बदलायला निघतात. खरं दुखणं इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या चिरलेल्या पाइपात असेल, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा धरला असेल, नाहीतर प्रेशर कमी देणाऱ्या फ्युएल पंपात.

मध्यंतरी कात्रजहून एक मुलगा याच कोडचा फोटो घेऊन आला. ‘दादा, ओ-टू सेन्सर द्या.’ गाडी दारातच उभी होती, म्हणून बॉनेट उघडायला लावलं. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडावर काजळीचा काळा फराटा उमटलेला होता. जोडातली फट बंद ठेवणारं गॅस्केट गेलं की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जादा दिसतो आणि सेन्सर धडधाकट असूनही कोड येतो. सेन्सर काही हजारांचा, गॅस्केटची किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याने गॅस्केट नेलं.

पण सगळ्यांची गाडी दारात नसते. सेन्सर बसवून दिवा तसाच राहिला की लोक तो परत करायला येतात, आणि आमच्याकडेच काय, बहुतेक दुकानांत पाटी असते: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. गिऱ्हाईक चिडतं, ते मला समजतं. पण वायरिंगमध्ये शॉर्ट असेल तर नवाकोरा सेन्सरही बसवल्या बसवल्या जातो. तो कुणामुळे गेला हे ठरवता येत नाही आणि वरचा डीलर आमच्याकडून परत घेत नाही.

‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला.’ अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. कृपा करून हे करू नका. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. चालू अल्टरनेटरपासून बॅटरी अचानक तोडली की व्होल्टेज उसळतं, ते सावरायला बॅटरीच नसते आणि त्या झटक्यात कंट्रोल युनिट जाऊ शकतं. व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. गाडी थोडा वेळ बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दाखवली, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. काही नव्या गाड्यांत कंट्रोल युनिटच चार्जिंग कमीजास्त करतं, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

‘कारचं महागडं सिंथेटिक ऑईल बाइकमध्ये टाका, इंजिन दुप्पट टिकेल.’ बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये चालतात. कारच्या पातळ ऑईलपैकी कितीतरींत घर्षण कमी करणारं रसायन असतं, ते क्लच प्लेटवर बसलं की प्लेट सरकायला लागते. रेस वाढते, गाडी ओढत नाही. मग तोच माणूस क्लच प्लेटचा सेट मागायला आमच्याकडे येतो. बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (जपानी मानकातले दर्जे) लिहिलेलं बघा. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला ‘एमबी’ चालतं. मेसेजमधला दुसरा भाग, की जुन्या गाडीला जाड ऑईल घाला म्हणजे धूर थांबतो, हाही फसवा आहे. धूर कमी होईल, पण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काही भरून येणार नाहीत.

इंजिन थंड ठेवणारं कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी, साधं पाणीच घाला, हा सल्ला थोडक्यात निकालात काढता येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटमुळे उत्कलनबिंदू वाढतो, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे रेडिएटर आणि वॉटर पंप आतून गंजत नाहीत. बोअरिंगचं पाणी घालणाऱ्यांचे क्षाराने चोंदलेले रेडिएटर बघितलेत म्हणून सांगतो.

आता जिवावर बेतणारा सल्ला: ‘ब्रेक ऑईल कमी दिसलं की वरून टाका, बदलायची गरज नसते.’ ब्रेक पॅड झिजत जातात तसे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी उतरते. म्हणजे पातळी उतरली तर आधी पॅड बघायचे, नंतर गळती. नुसतं वरून ओतलं तर झिजलेले पॅड तसेच राहतात. शिवाय हे ऑईल हवेतलं बाष्प शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू नव्या डब्यात किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्या अवस्थेत मानकात तो १५५ धरलेला आहे. सिंहगडावरून किंवा वरंधा घाटातून ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर ते उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. साधारण दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून घ्या. आणि हे काम अनुभव नसेल तर घरी करू नका. ब्रेकच्या नळीतली हवा नीट काढली गेली नाही, तर पहिल्या उतारालाच कळेल.

शेवटी, ‘कंपनीच्या डब्यातलं सोडून बाकी सगळं डुप्लिकेट.’ गाडी बनवणारी कंपनी बेअरिंग, शॉकअब, ब्रेक पॅड बहुतेक वेळा स्वतः बनवत नाही. चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनतात, चाकणला गेब्रिएलचे शॉकअब. असे पुरवठादार गाडीच्या कंपनीला माल देतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे मात्र खरंच. म्हणून पक्कं बिल मागा. मेसेजमधली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे: मिस्त्रीकडून काढलेला जुना पार्ट परत घ्या. तो आणि आरसीवरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर घेऊन काऊंटरवर या. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच पार्ट बदललेला असतो, आणि ‘स्विफ्टचा द्या’ एवढ्यावर आम्हाला अंदाजच बांधावा लागतो.