खिशातला मोबाईल आणि वंध्यत्व: एका संदेशाला उत्तर

‘पँटच्या खिशात मोबाईल ठेवल्याने शुक्राणू निम्मे होतात आणि वंध्यत्व येते, हे स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,’ असा संदेश घरोघरी फिरतो आहे, आणि त्याच्या शेवटी फोनला चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ स्टिकरची शिफारस असते.

अभ्यास खरा आहे. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 ते 2018 या काळात लष्करी भरती केंद्रांवर आलेल्या 18 ते 22 वर्षांच्या 2,886 तरुणांची वीर्यतपासणी केली आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसातून वीसपेक्षा अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूसंख्येचा मध्यक मिलिलिटरमागे 4 कोटी 45 लाख आढळला, तर आठवड्यातून फार तर एकदा वापरणाऱ्यांत 5 कोटी 65 लाख. ही घट सुमारे एक-पंचमांश आहे, निम्मी नव्हे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली खालची संदर्भमर्यादा 1 कोटी 60 लाख आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्यांवरून ‘वंध्यत्व’ हा शब्द काढताच येत नाही.

खिशाचा मुद्दा तर त्याच अभ्यासाने खोडून काढला आहे. फोन कुठे ठेवता, हेही या तरुणांना विचारले होते, आणि पँटच्या खिशात ठेवण्याचा वीर्याच्या गुणवत्तेशी संबंध आढळला नाही. शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांचाही फोनच्या वापराशी संबंध दिसला नाही. जो संबंध दिसला तो 2005–07 मध्ये सर्वाधिक होता आणि पुढे क्षीण होत गेला.

‘सिद्ध झाले’ हेही चूक आहे, कारण वापराची माहिती तरुणांनी स्वतः सांगितलेली होती आणि अशा निरीक्षणातून सहसंबंध कळतो, कारण कळत नाही.

स्टिकरबद्दल एवढेच, की त्याने अँटेनाला खरोखर अडथळा आला, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन उलट अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. मूल होत नसेल तर आपल्याकडे आधी पत्नीच्या तपासण्या सुरू होतात, आणि पतीची साधी वीर्यतपासणी महिनोन्‌महिने लांबते. अशा घरात हा संदेश पोहोचला की फोन खिशातून पिशवीत जातो आणि उपाय केल्याचे समाधान मिळते. वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात आढळणारा व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, हा विकार मात्र तसाच राहतो, आणि तो बहुतेक वेळा डॉक्टरांना हाताने तपासूनही कळतो.